'चार्ज' या एकाच शब्दाचं मराठी करताना: क्रम काय ठेवायचा आणि नेमकं कुठे चुकतं

भाषांतराची कामं तपासायला माझ्याकडे येत असतात, बँकेची पत्रं, सोसायटीच्या नोटिसा, कोर्टाच्या बातम्या, शाळेच्या सायन्सच्या नोट्स, आणि या सगळ्यात 'चार्ज' हा शब्द असा आहे की चांगलं इंग्रजी येणारी माणसंसुद्धा त्याच्यापाशी हमखास अडकतात. 'ही वॉज रिलीज्ड विदाउट चार्ज' या वाक्याचं 'त्याला विनामूल्य सोडण्यात आले' असं मराठी मी एकदा नाही, तीन वेगवेगळ्या लोकांच्या कागदांत वाचलंय. खरं तर पोलिसांनी त्या माणसाला चौकशी करून, कुठलाही आरोप न ठेवता घरी जाऊ दिलं होतं. पैशांचा तिथे काही संबंधच नव्हता.

तिघांनाही 'चार्ज' म्हणजे आरोप हे माहीत होतं, मी विचारलं तेव्हा लगेच सांगितलं. म्हणजे शब्द अडला नव्हता, कामाचा क्रम चुकला होता. वाक्य पुरतं वाचायच्या आधी ॲप उघडलं, पहिला मराठी शब्द दिसला तो उचलला आणि पुढे गेले. म्हणून खाली मी क्रमच लिहून देतेय. सुरुवातीला तो जरा लांब वाटेल, पण दहा-पंधरा वाक्यं अशी केली की हात बसतो.

आधीची तयारी

एक वही किंवा साधी फाइल घ्या आणि तिच्यात तीन रकाने पाडा: चार्ज कोण करतंय, कोणाला किंवा कशाला करतंय, आणि 'चार्ज'च्या मागे-पुढे कुठला छोटा शब्द आलाय. चौथा रकाना मराठी शब्दासाठी, तो सध्या रिकामा ठेवा.

हाताशी तीन गोष्टी हव्यात. पहिली, उदाहरणवाक्यं देणारा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश, कारण इंग्रजी-मराठी कोशात अर्थांची नुसती रांग मिळते, कुठला कुठे वापरायचा ते कळत नाही. दुसरी, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, म्हणजे शासन व्यवहार कोश, न्याय व्यवहार कोश, भौतिकशास्त्राचा कोश, हे ऑनलाइन शोधता येतात. तिसरी गोष्ट लोक विसरतातच आणि तीच सगळ्यात उपयोगाची: त्या त्या क्षेत्रातला खरा मराठी कागद. घरचं वीजबिल, सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल, गावाकडचा सातबारा, पेपरातली एखादी कोर्टाची बातमी. 'चार्ज'चे निम्मे अर्थ या चार कागदांवर आधीच छापलेले आहेत, लोकांना ते रोज दिसतात, आणि तरीही भाषांतर करताना आपण नवे शब्द पाडत बसतो.

⚠️ सुटा शब्द घेऊन बसू नका. कोणी मेसेज करून 'चार्जला मराठीत काय म्हणतात गं' असं विचारलं तर मी उत्तरच देत नाही, आधी पूर्ण वाक्य मागते आणि ते कुठल्या कागदातलं आहे ते विचारते.

पायरी १: नाम आहे की क्रियापद, एकवचन की अनेकवचन

हे दहा सेकंदांचं काम आहे. 'चार्जेस' असं अनेकवचन दिसलं की बहुतेक वेळा एक तर पैसे किंवा आरोप. 'इन चार्ज' असं काही न जोडता आलं की जबाबदारी. 'चार्ज्ड' हे विशेषणासारखं आलं, जसं 'चार्ज्ड ॲटमॉस्फिअर' किंवा 'चार्ज्ड पार्टिकल', तर पैसे आणि आरोप दोन्ही बाजूला ठेवा.

एक अनेकवचन मात्र फसवतं. 'शी टुक हर यंग चार्जेस टू द गार्डन' यातले 'चार्जेस' म्हणजे तिच्याकडे सांभाळायला दिलेली लहान मुलं. आया, गव्हर्नेस, वसतिगृहाच्या बाई अशा पात्रांच्या गोष्टीत हा वापर येतो, आणि तिथे 'तिच्या देखरेखीखालची मुलं' किंवा नुसतं 'तिच्याकडची मुलं' पुरतं.

पायरी २: छोटा शब्द बघा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. 'चार्ज'च्या शेजारी फॉर, विथ, ऑन, टू, ॲट, अगेन्स्ट यातलं काय आलंय त्यावरून अर्थाचं दार उघडतं.

'चार्ज फॉर' असेल तर पैसे. सेवा दिली, वस्तू दिली, त्याचे घेतले.

'चार्ज ॲट' असेल तर कोणीतरी अंगावर धावून जातंय.

'चार्ज टू' असेल तर खातं. 'चार्ज इट टू माय अकाउंट' म्हणजे माझ्या नावे मांडा, माझ्या खात्यावर लिहा. वाण्याच्या दुकानात आपण पिढ्यान्‌पिढ्या हेच म्हणतोय, 'नावे टाका', आणि भाषांतरात मात्र 'माझ्या खात्यास शुल्क आकारा' असं लिहितो, जे वाण्यालाही कळणार नाही आणि बँकवाल्यालाही.

'चार्ज ऑन' असेल तर थांबा, मालमत्ता किंवा निधी आलाय का बघा, कारण हा बोजा असू शकतो. पुढे सविस्तर येईल.

'चार्ज दॅट' असं पुढे पूर्ण वाक्य जोडून आलं, म्हणजे 'विरोधी पक्षाने चार्ज केलं की...' अशा थाटात, तर तो तोंडी आरोप, 'आरोप केला' म्हणा आणि पुढे चला, त्यात कायद्याचं काही नाही.

'चार्ज अगेन्स्ट' बहुतेक वेळा आरोप, पण जमाखर्चात 'अ चार्ज अगेन्स्ट प्रॉफिट' म्हणजे नफ्यातून वजा होणारी रक्कम.

आणि 'चार्ज्ड विथ'. याचं तीन प्रकारे होतं आणि त्यावर जास्तीत जास्त गोंधळ होतो. विथच्या पुढे गुन्हा असेल, 'चार्ज्ड विथ मर्डर', तर आरोप. पुढे काम असेल, 'चार्ज्ड विथ द टास्क ऑफ प्रिपेअरिंग द रिपोर्ट', तर जबाबदारी सोपवली. पुढे भावना असेल, 'चार्ज्ड विथ इमोशन', तर भरलेलं, भारलेलं. म्हणून 'विथ' दिसला की तिथे न थांबता त्याच्या पुढचा शब्दही रकान्यात लिहा. एका समितीच्या अहवालाच्या भाषांतरात, ज्या सदस्यांवर अहवाल लिहायचं काम सोपवलं होतं त्यांच्यावर 'अहवाल तयार करण्याचा आरोप' ठेवलेला मी वाचलाय, आणि तो कागद सह्या होऊन पुढे गेलेला होता.

✔️ तपासा: 'इन चार्ज ऑफ' आणि 'इन द चार्ज ऑफ' वेगळे आहेत. 'द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड' म्हणजे मूल नर्सच्या ताब्यात. 'द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स' म्हणजेही तेच, पण इथे वाक्य मुलापासून सुरू झालंय. त्यातला 'द' नजरेतून सुटला की मूल नर्सला सांभाळतंय असं मराठी तयार होतं. कोण कोणाला सांभाळतंय ते रकान्यात लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी ३: शब्दाचं घर ओळखा

आता दार उघडलं, घर कुठलं ते ठरवायचं. इथे वेळ द्या.

*पैशांचं घर.* 'चार्ज' म्हणजे शुल्क, असं पाठ करून लोक सगळीकडे शुल्क लिहितात. घरचं वीजबिल काढा आणि बघा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. तिथे 'चार्ज' म्हणजे 'आकार'. आणि त्याच बिलावर 'वीज शुल्क' अशी वेगळी ओळ आहे, घरगुती ग्राहकाला ते १६ टक्क्यांनी लागतं, ती ओळ म्हणजे इलेक्ट्रिसिटी ड्यूटी, सरकारकडे जाणारी. म्हणजे 'एनर्जी चार्जेस'चं कोणी 'वीज शुल्क' केलं तर वाचणारा बिलावरच्या दुसऱ्याच ओळीवर बोट ठेवणार, आणि तक्रारीचा अर्ज असेल तर तो भलत्याच रकमेबद्दल जाणार. ही चूक मी इतक्या वेळा दुरुस्त केलीय की विजेच्या कागदावर 'शुल्क' दिसलं की मी आधी मूळ इंग्रजी उघडते.

सोसायटीत उलट आहे. तिथे सेवा शुल्क आणि बिनभोगवटा शुल्क, म्हणजे फ्लॅट भाड्याने दिल्यावर लागतं ते, सेवा शुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के. सोसायटीच्या कागदात कोणी 'बिनभोगवटा आकार' लिहीत नाही. दोन्ही ठिकाणी इंग्रजीत 'चार्जेस'च आहे, मराठीत मात्र ज्या दारातून कागद आला त्या दाराचा शब्द घ्यायचा.

आणि कागदी भाषेच्या बाहेर आलात की शुल्क आणि आकार दोन्ही सोडून द्या, कारण मराठीत एकेका कामाच्या पैशाला स्वतःचं नाव आहे. सोनाराचे मेकिंग चार्जेस म्हणजे घडणावळ. शिंप्याची शिलाई. मजुराची मजुरी. मार्केट यार्डात पोती उचलण्याची हमाली, वजन करण्याची तोलाई. डॉक्टरची आणि वकिलाची फी. रिक्षाचं भाडं. 'दागिना घडवण्याचे शुल्क' असं लिहिलेलं वाचलं की मला खरंच वाईट वाटतं, इतका नेमका शब्द घरात असताना आपण तो विसरतो.

⚠️ चार्ज म्हणजे टॅक्स नाही. हॉटेलच्या बिलावरचा सर्व्हिस चार्ज हा हॉटेलने लावलेला असतो, सरकारचा कर नव्हे. त्याचं 'सेवा कर' असं मराठी केलं तर ग्राहकाची सरळ दिशाभूल होते. सेवा शुल्क म्हणा.

*कायद्याचं घर.* इथे टप्पे पाठ असायला हवेत, कारण इंग्रजी पेपर एकच शब्द तीन टप्प्यांना वापरतात.

आपल्याकडे आधी एफआयआर, म्हणजे गुन्हा दाखल होतो. मग तपास, मग पोलीस कोर्टात चार्जशीट देतात, त्याला आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र म्हणतात. मग कोर्ट ते वाचून, दोन्ही बाजू ऐकून 'चार्ज फ्रेम' करतं, म्हणजे आरोप निश्चित करतं. या तिन्हींमध्ये कधी कधी काही वर्षं जातात. 'ही हॅज बीन चार्ज्ड' असं वाक्य आलं की यातला कुठला टप्पा हे बातमीतून शोधा. पोलीस ठाण्याचं नाव आणि कलमं आहेत, कोर्टाचा उल्लेखच नाही, तर बहुधा गुन्हा दाखल झालाय. कोर्टात कागद दिलाय तर आरोपपत्र. न्यायाधीशांनी केलंय तर आरोप निश्चित.

बातमी ब्रिटनची असेल तर मात्र हे टप्पे तिला चिकटवू नका. तिथे 'चार्ज' करायचं काम पोलीस किंवा सरकारी अभियोक्त्यांची संस्था करते आणि त्यानंतर माणूस कोर्टापुढे येतो. तिथल्या बातमीत 'गुन्हा दाखल' असं लिहिणं म्हणजे एक टप्पा मागे ओढणं, 'औपचारिक आरोप ठेवण्यात आला' हे जवळचं.

✔️ तपासा: कलमाचा आकडा जुन्या कायद्याचा की नव्या? १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. जुन्या संहितेत कलम १७३ हे पोलिसांच्या अंतिम अहवालाचं, म्हणजे चार्जशीटचं होतं. नव्या संहितेत १७३ हे एफआयआरचं आहे आणि चार्जशीट १९३ मध्ये गेलीय. नुसत्या आकड्यावरून टप्पा ओळखायची सवय असेल तर इथे पाय घसरतो, म्हणून कायद्याचं नाव आणि आकडा सोबतच लिहा.

*जबाबदारीचं घर.* हे सोपं आहे, पण पायऱ्यापायऱ्यांचं आहे. नवा अधिकारी आला: पदभार स्वीकारला. असलेल्या अधिकाऱ्याकडे दुसऱ्या खुर्चीचंही काम दिलं: अतिरिक्त कार्यभार. कायमची नेमणूक नाही, तोवर बघतायत: प्रभारी, जसे प्रभारी मुख्याध्यापक. हॉस्पिटलात सगळे 'इन्चार्ज सिस्टर'च म्हणतात, तिथे ते तसंच ठेवा. आणि आग लागल्यावर शेजारच्या काकूंनी 'टुक चार्ज ऑफ द सिच्युएशन' असेल तर त्यांना पदभार स्वीकारायला लावू नका, काकूंनी सगळं हातात घेतलं.

*बोज्याचं घर.* बँकेच्या कागदांमध्ये इथेच मोठी चूक होते. कर्जासाठी मालमत्ता तारण राहते तेव्हा त्या मालमत्तेवर 'चार्ज' तयार होतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ मध्ये कलम १०० हेच आहे. शेतकऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही, सातबाऱ्यावर 'इतर हक्क'मध्ये बँकेचा बोजा लिहिलेला असतो. कर्ज घेतलं की बोजा चढवतात, फिटलं की फेरफार करून उतरवतात. क्रियापदंसुद्धा तयार आहेत.

आता 'फिक्स्ड चार्ज' बघा. वीजबिलावर तो स्थिर आकार. कंपनीच्या कर्जाच्या कागदात तोच शब्द म्हणजे ठरावीक मालमत्तेवरचा, जमिनीवर किंवा मशिनवर कायम बसलेला बोजा. त्याच्या जोडीला 'फ्लोटिंग चार्ज' येतो, म्हणजे गोडाऊनमधला माल, येणी (गिऱ्हाइकांकडून यायचे बाकी पैसे), अशा रोज बदलणाऱ्या गोष्टींवरचा बोजा, कंपनी धंदा चालवताना तो माल विकू शकते. एका कागदात याचं 'बदलते शुल्क' झालं होतं आणि वाचणाऱ्या छोट्या उद्योजकाला वाटलं की बँक दर महिन्याला फी कमी-जास्त करणार. त्याने गोडाऊनमधला माल तारण दिलाय हे त्याला त्या मराठीतून कळलंच नाही. मी स्वतःही पहिल्या वर्षी 'क्रिएशन ऑफ चार्ज'चं 'शुल्क निर्मिती' केलं होतं, ज्यांच्याकडे शिकत होते त्या बाईंनी कागद परत दिला आणि एवढंच म्हणाल्या, 'सातबारा बघितलायस का कधी?' त्या दिवसापासून खरा कागद बघितल्याशिवाय मी लिहीत नाही.

✔️ तपासा: कागदात 'रजिस्ट्रेशन ऑफ चार्ज' आणि ३० दिवस असा उल्लेख दिसतोय का? कंपनी कायदा २०१३ च्या कलम ७७ खाली बोज्याची नोंदणी ३० दिवसांत करायची असते. तो दिसला की शंका ठेवू नका, बोजाच आहे.

*बजेटचं घर.* छोटं घर आहे, पण स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. 'एक्स्पेंडिचर चार्ज्ड ऑन द कन्सॉलिडेटेड फंड' म्हणजे एकत्रित निधीवर, सरकारच्या मुख्य तिजोरीवर, भारित खर्च. राज्याच्या अर्थसंकल्पाच्या कागदांत खर्चाचे दोन प्रकार दिसतात, दत्तमत आणि भारित. दत्तमत म्हणजे सभागृहाच्या मतदानाला जातो तो, भारितवर चर्चा होऊ शकते पण मतदान नाही. राज्यपालांचं वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतन ही त्यातली उदाहरणं, राज्यघटनेच्या अनुच्छेद २०२ मध्ये यादी आहे. आणि गंमत नाही, खरंच काळजीने बघायची गोष्ट अशी की त्याच यादीत 'डेट चार्जेस' असाही शब्द आहे, म्हणजे कर्जापोटी द्यायचं व्याज वगैरे. एकाच कलमात 'चार्ज्ड' एका अर्थाने आणि 'चार्जेस' दुसऱ्या अर्थाने. एका वाक्यात शब्द दोनदा आला म्हणून दोन्हीकडे तोच मराठी शब्द चिकटवायचा नसतो, दोन्हींसाठी वहीत वेगवेगळ्या ओळी करा.

*विज्ञानाचं घर.* पाठ्यपुस्तकात प्रभार. धनप्रभार, ऋणप्रभार, इलेक्ट्रॉन ऋणप्रभारित असतो. 'भार' लिहू नका, कारण भार म्हणजे लोड. वीजबिलावरचा मंजूर भार, उन्हाळ्यातलं भारनियमन, हे सगळं लोडचं कुटुंब. विद्यार्थ्यांच्या वह्यांमध्ये प्रभार आणि भार इतके मिसळलेले असतात की एका उत्तरात दोन्ही सापडतात.

मोबाइल मात्र चार्जच करायचा. 'भ्रमणध्वनी प्रभारित करा' असं कोणी म्हणत नाही आणि कोणाला म्हणायला लावूही नये. एसीचं गॅस चार्जिंग म्हणजे गॅस भरणं. विहीर खोदताना सुरुंगात जो 'चार्ज' भरतात तो बार.

*अंगावर येणारं घर.* पोलिसांचा लाठीचार्ज म्हणजे लाठीमार, लाठीचार्जही सगळ्यांना कळतो. सैन्याने केला तर चढाई, हल्ला. हत्तीने केला तर अंगावर धावून आला, चाल करून आला. जंगलाच्या लेखांत 'मॉक चार्ज' येतो, हत्ती कान पसरून धावत येतो आणि थोड्या अंतरावर थांबतो, याला लोक 'खोटा हल्ला', 'नकली आक्रमण' असं काय काय लिहितात. मराठीत याला हूल म्हणतात. हत्तीने हूल दिली. दोन अक्षरांत झालं.

*वातावरणाचं* इथेच उरकते: 'चार्ज्ड ॲटमॉस्फिअर' मोर्च्यात असेल तर तापलेलं किंवा तंग, गाण्याच्या मैफलीत असेल तर भारलेलं. अदलाबदल करू नका, मैफल तंग होत नाही.

पायरी ४: इंग्रजीतच दुसरा शब्द घालून बघा

मराठीत उडी मारायच्या आधी हा एक प्रयोग. 'चार्ज'च्या जागी समानार्थी इंग्रजी शब्द ठेवा आणि वाक्य उभं राहतं का बघा. फी, अक्यूज, अटॅक, ड्यूटी, लोड, मॉर्गेज. जो बसतो त्याचं घर तुमचं घर. 'फ्लोटिंग चार्ज'मध्ये फी घातली तर कागदाच्या पुढच्या ओळी बिघडतात, मॉर्गेज घातलं तर निदान तारणाकडे नजर जाते.

हा प्रयोग फक्त अर्थ ओळखायला आहे. इंग्रजी लिहिताना समानार्थी म्हणून शब्द बदलायला गेलात तर वाक्याची बांधणीही बदलावी लागते, आणि ते शब्दकोश सांगत नाही. दुकानदार 'चार्ज' करतो, वस्तू 'कॉस्ट' होते. 'द शॉप कॉस्ट मी फिफ्टी रुपीज' असं लिहिलं तर अख्खं दुकान पन्नास रुपयांना पडल्यासारखं होतं. तसंच 'अक्यूज'सोबत 'ऑफ' येतो आणि 'चार्ज'सोबत 'विथ'. अक्यूज तर शेजारीही करतो, पण 'चार्ज विथ' करायला बहुतेक वेळा अधिकार लागतो. पैशांच्या शब्दांतही प्रवासाला फेअर, रस्त्याला किंवा पुलाला टोल, व्यावसायिकाला किंवा संस्थेला फी. यातला कुठलाही कुठेही चालत नाही.

पायरी ५: मराठी शब्द क्रियापदासकट उचला

आता चौथा रकाना भरा. नुसतं नाम लिहू नका, त्याच्यासोबत चालणारं क्रियापद लिहा: शुल्क आकारणे, फी घेणे, आरोप ठेवणे किंवा निश्चित करणे, आरोपपत्र दाखल करणे, पदभार स्वीकारणे, बोजा चढवणे, नावे टाकणे, हूल देणे. नाम बरोबर आणि क्रियापद चुकीचं अशी वाक्यं खूप येतात, 'बोजा आकारला', 'आरोप लावून घेतले', 'पदभार केला'. मोठ्याने वाचा, कानाला लगेच टोचतं.

⚠️ लोक रोज 'चार्ज' म्हणतात तिथे चार्ज राहू द्या. ऑफिसात 'मी चार्ज घेतला' हे बोलताना शंभर टक्के मराठी आहे. आदेशाच्या कागदावर मात्र पदभार. बोलण्याचा कागद आणि सहीचा कागद वेगळा.

पायरी ६: नातलग शब्दांवर हीच पद्धत लावा

'डिस्चार्ज' तर आणखी फिरतो. दवाखान्यातून डिस्चार्ज मिळतो, तसाच म्हणा. धरणातून होतो तो विसर्ग, पावसाळ्यात बातम्यांमध्ये रोज येतो, इतके क्युसेक विसर्ग. कोर्टात आरोप निश्चित व्हायच्या आधीच सुटला तर तो डिस्चार्ज, बातमीत दोषमुक्त लिहितात, आणि पूर्ण खटला चालून सुटला तर ते 'अक्विटल', निर्दोष मुक्तता. या दोन्हींना 'निर्दोष सुटला' लिहिणं ही बातम्यांतली नेहमीची चूक आहे.

'रिचार्ज' मोबाइलचा रिचार्जच, विहिरीचं किंवा भूजलाचं पुनर्भरण. 'सरचार्ज' अधिभार. 'ओव्हरचार्ज' पैशांत जादा पैसे घेणं, बॅटरीत प्रमाणाबाहेर चार्ज होणं.

पायरी ७: एका अवघड वाक्यावर करून बघा आणि उलट तपासा

हे वाक्य मी सरावासाठी देते: 'द वॉचमन इन चार्ज ऑफ द पार्किंग लॉट हॅज बीन चार्ज्ड विथ थेफ्ट ऑफ इलेक्ट्रिसिटी फॉर चार्जिंग व्हिजिटर्स फिफ्टी रुपीज टू चार्ज देअर स्कूटर्स.'

चार वेळा चार्ज, चार ओळी करा. पहिला, 'इन चार्ज ऑफ', वॉचमन पार्किंग सांभाळतो. दुसरा, 'विथ' आणि पुढे चोरी, म्हणजे कायदा. तिसरा, व्हिजिटर्सकडून पन्नास रुपये, म्हणजे पैसे घेणं. चौथा, स्कूटर, म्हणजे बॅटरी.

पहिला मसुदा असा येतो: 'पार्किंग सांभाळणारा वॉचमन पाहुण्यांच्या स्कूटर चार्ज करून द्यायचा आणि त्यांच्याकडून पन्नास रुपये घ्यायचा, त्याच्यावर वीजचोरीचा आरोप निश्चित करण्यात आला आहे.' बघा, चार चार्जपैकी मराठीत एकच चार्ज उरला, स्कूटरचा, आणि तो हवाच आहे.

आता उलट तपासणी. मूळ इंग्रजी झाका, मराठी वाक्य अशा माणसाला वाचून दाखवा ज्याने मूळ बघितलेलं नाही, आणि त्याला तीनच प्रश्न विचारा: कोणी कोणाकडून पैसे घेतले, प्रकरण सध्या कुठे आहे, आणि वीज कोणाची गेली? पहिलं उत्तर बरोबर येईल. दुसऱ्यावर तो म्हणेल 'कोर्टात'. लगेच मूळ बातमी पुन्हा उघडा. तिथे पुढच्या ओळीत पोलिसांनी सोमवारी कारवाई केली एवढंच असेल आणि न्यायाधीशांचा उल्लेख नसेल, तर 'आरोप निश्चित' खोडा आणि 'वीजचोरीचा गुन्हा दाखल करण्यात आला आहे' असं लिहा. तिसऱ्या प्रश्नावर तो अडखळेल, कारण वीज सोसायटीची होती की दुसऱ्या कोणाची हे मूळ वाक्यातही नाहीये. मग आपणही ते भरू नका, तसंच ठेवा.